ठोसा आणि पट यांच्यामधला सांधा : वडोदऱ्यातील एका मिश्र लढतीच्या वर्गात सहा महिने

वडोदऱ्यात मांजलपूरच्या बाजूला एका व्यापारी संकुलाच्या तळघरात मिश्र लढतीचा, म्हणजे ठोसे, लाथा आणि पकडी सगळेच चालणाऱ्या व पोरे ज्याला सरसकट ‘एमएमए’ म्हणतात त्या प्रकाराचा, एक वर्ग चालतो. माझा भाचा आणि मी असे दोघे तिथे सहा महिने नेमाने गेलो. वर्गाचे नाव मुद्दाम देत नाही. पुढे काही तक्रारी आहेत, आणि त्या नावानिशी गावभर फिरवण्यापेक्षा तिथल्या प्रशिक्षकांना तोंडावर सांगून झाल्या आहेत. अशा वर्गात मुलाला घालण्याचा विचार करणाऱ्या किंवा स्वतः उतरू पाहणाऱ्या माणसाने पैसे भरण्याआधी काय पाहावे, एवढ्यापुरताच हा मजकूर आहे.

आमची जोडी या कामाला योगायोगाने बरी जमली होती. भाचा २१ वर्षांचा, चार वर्षे मुष्टियुद्ध खेळलेला, आणि हौशी स्पर्धेत उतरायचे म्हणून पेटलेला. मी ४४ वर्षांचा, दांडियाबाजारात वाढलेला, वयाच्या बाराव्या वर्षापासून तेविसाव्या वर्षापर्यंत तालमीच्या मातीत लोळलेला, आणि त्यानंतर नोकरी, संसार व पोट यांत अडकलेला. त्याला पकड ठाऊक नव्हती आणि मला ठोसा ठाऊक नव्हता. त्यामुळे हा वर्ग जे जोडून देण्याचे पैसे घेतो, ते खरोखर जोडले जाते की नाही हे दोन्ही टोकांकडून तपासता आले.

आधी व्यवहाराचे सांगतो. फी दरमहा ₹२,५००, तीन महिन्यांची एकदम भरल्यास थोडी सवलत. संध्याकाळी सात ते साडेआठ. सोमवारी व गुरुवारी ठोसे आणि लाथा, मंगळवारी व शुक्रवारी जमिनीवरच्या पकडी, बुधवारी नुसता व्यायाम, आणि शनिवारी दोन्ही एकत्र. कपडे बदलायची खोली एकच असून तिचा कडी-कोयंडा आम्ही गेलो तेव्हाही मोडका होता आणि आजही मोडकाच आहे. वाहन लावायला जागा भरपूर आहे. या बाबतीत याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

मुद्दा वेळापत्रकाचा आहे. बाहेरच्या पाटीवर ‘मिश्र’ असे लिहिलेले असले, तरी आठवड्यातले चार दिवस तिथे दोन निरनिराळे वर्ग एका छपराखाली चालतात, आणि मिश्रण होते ते फक्त शनिवारच्या दीड तासात. सोमवारी शिकवणाऱ्या प्रशिक्षकाला मंगळवारी काय शिकवले जाते याचा पत्ता नसतो, आणि मंगळवारी शिकवणारे सोमवारच्या सवयींवर हसतात. ठोसा मारता येणे ही एक विद्या झाली, आणि माणूस धरून पाडता येणे ही दुसरी. दोन्ही येत असूनही, एकीतून दुसरीत जाण्याच्या अर्ध्या क्षणात माणूस उघडा पडतो. स्पर्धेत हार-जीत बहुतेक वेळा त्या अर्ध्या क्षणातच ठरते, आणि वर्गाची परीक्षा तिथेच घ्यायला हवी.

दोन विद्या नुसत्या शेजारी ठेवल्या की काय होते, याचा नमुना २६ जून १९७६ रोजी तोक्योत सगळ्या जगाने पाहिला. मुहम्मद अली आणि जपानी मल्ल अँटोनियो इनोकी यांची १५ फेऱ्यांची लढत झाली. इनोकी बहुतांश वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला, अलीने हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच ठोसे मारले, आणि शेवटी लढत बरोबरीत सुटली. त्याच वर्षी डिसेंबरात हाच इनोकी कराचीत अक्रम पहिलवानाशी लढला आणि हाताला मुरड घालून त्याने अक्रमला निकामी केले. अक्रम हा गामाचा पुतण्या. ज्या गामाने २३ डिसेंबर १९०२ रोजी उचलला असे सांगतात तो सुमारे १,२०० किलोंचा दगड आपल्या सयाजीबागेतल्या संग्रहालयात ठेवलेला आहे, आणि लहानपणी आम्हां तालमीच्या पोरांना वस्तादांनी रांगेने नेऊन त्याला नमस्कार करायला लावले होते, त्याच गामाचा. चितपट करण्याच्या विद्येत ज्या घराण्याला तोड नव्हती, त्याच घराण्यातला मल्ल सांधा मुरडण्याच्या विद्येपुढे हरला. ही हकीकत मला तालमीत कोणी सांगितली नाही. ती या वर्गातल्या मंगळवारच्या प्रशिक्षकांनी सांगितली, याबद्दल त्यांना एक गुण जास्त.

वडोदऱ्याच्या माणसाने तर ठोसा आणि पकड यांच्या मेळाला परदेशी समजायचे कारणच नाही. खंडेराव गायकवाडांच्या कारकिर्दीत, १८६० च्या दशकात, लुई रूसले नावाचा फ्रेंच प्रवासी इथे आला असताना त्याने दरबारातल्या मल्लांची अशी लढत पाहिली, की तीत मुठीवर नख्या बांधून प्रहारही करत आणि अंगाला अंग भिडवून पकडीही घालत. ज्येष्ठीमल्लांची, म्हणजे पिढीजात मल्लांच्या जमातीची, वज्रमुष्टी ती हीच. ती रक्तबंबाळ करणारी होती आणि गेली ते बरेच झाले. पण मारणे आणि धरणे या दोन गोष्टी एकाच मल्लाने एकाच दमात करायच्या असतात, ही कल्पना या गावाला नवी नाही. आमच्या तालमीत मात्र हात उगारला की वस्ताद कानाखाली वाजवत.

आता शिकवण्याकडे येतो. सोमवारचा प्रशिक्षक तरुण आहे, थाई पद्धतीच्या लाथांत चांगला मुरलेला आहे, आणि पॅड, म्हणजे ठोसे झेलायची हातातली गादी, धरण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. पॅड धरणे ही सोपी गोष्ट नव्हे; मारणाऱ्याचा ठोसा परतला की लगेच त्याच्या उघड्या राहिलेल्या गालावर पॅडची हलकी चापट देऊन तो मुलांना हात हनुवटीपाशी परत आणायला लावतो, आणि दीड महिन्यात माझ्यासारख्या जड माणसाचाही उजवा हात आपोआप वर राहू लागला. त्याची अडचण एवढीच, की तो उभे राहायला शिकवतो ते थाई लढतीसाठी. अंग सरळ, पावले जवळ, पुढचा पाय हलका, म्हणजे लाथ अडवायला तो चटकन उचलता यावा. ज्या लढतीत कोणी पट काढणार नाही, म्हणजे खाली वाकून पाय धरून पाडणार नाही, तिथे ही उभारणी उत्तम आहे. पण समोर कुस्तीगीर असेल, तर सरळ उभ्या माणसाचे दोन्ही गुडघे त्याला ताटात वाढून दिल्यासारखे असतात. शिवाय मारलेली लाथ पकडली गेली तर पुढे काय, हा प्रश्न सोमवारी कोणी विचारत नाही, कारण सोमवारी लाथ पकडायचीच नसते.

हातमोज्यांचेही तसेच. सोमवारी सगळे १६ औंसांचे, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅमचे, मुष्टियुद्धाचे मोजे घालतात. सरावात डोक्याला मार कमी बसावा म्हणून ते योग्यच आहे. पण एवढ्या मोठ्या मोज्यांआड चेहरा लपवण्याची जी सवय लागते, ती व्यावसायिक स्पर्धेतल्या ४ औंसांच्या, बोटे उघडी ठेवणाऱ्या मोज्यांत दगा देते. दोन मोज्यांच्या मधून प्रतिस्पर्ध्याची मूठ सरळ नाकावर येते. भाच्याला हे शनिवारी कळले. त्याने नेहमीप्रमाणे दोन्ही हात चेहऱ्यापुढे धरले, समोरच्या पोराने लहान मोज्यातली मूठ त्यातून अलगद आत घातली, नाकाला टेकवली आणि तिथेच थांबवली. भाचा दोन दिवस तोच विषय काढत होता.

मंगळवारचे प्रशिक्षक वयाने मोठे, बोलायला शांत, आणि जिऊ-जित्सूतले, म्हणजे जमिनीवर सांधा मुरडण्याच्या व गळा आवळण्याच्या विद्येतले, जाणकार. त्यांच्याकडे माझी पहिल्याच आठवड्यात जी फजिती झाली, ती सविस्तर सांगतो, कारण तालमीतून येणाऱ्या प्रत्येकाची ती होणार आहे. कुस्तीत पाठीला माती लागली की संपले. त्यामुळे खाली सापडलेला मल्ल क्षणात पोटावर वळतो, कोपरे आत घेतो, मातीला घट्ट चिकटतो, आणि वरच्याने घिस्सा मारो की मोळी बांधो, पाठ वळू देत नाही. अकरा वर्षे हे अंगात भिनलेले. पहिल्या मंगळवारी त्यांनी मला खाली घेताच मी सवयीने पोटावर वळलो. ते निवांत माझ्या पाठीवर बसले, दोन्ही पाय माझ्या मांड्यांत आतून अडकवले, आणि एक हात हनुवटीखालून सरकवून गळा आवळला. मी चटईवर थाप मारली. पुन्हा खेळलो, पुन्हा वळलो, पुन्हा थाप. त्या संध्याकाळी एकाच प्रकाराने मी चार वेळा हार मानली, आणि चौथ्यानंतर ते म्हणाले, “काका, पाठ जमिनीला लागू द्या, काही बिघडत नाही, गळा लागू देऊ नका.”

पाठ जमिनीला लागू देणे मला जमायला दोन महिने लागले. बुद्धीला पटते, शरीर ऐकत नाही. पाठीवर पडून दोन्ही पाय समोरच्याच्या कमरेभोवती घालायचे, त्याची मनगटे धरायची, आणि तो ठोसा मारायला सरळ झाला की कंबर सरकवून त्याच्या हाताला किंवा मानेला पायांची कैची घालायची, हे सारे त्यांनी फार धीराने शिकवले. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हरमध्ये यूएफसी या मिश्र लढतीच्या नावाजलेल्या व्यावसायिक मालिकेतली पहिली स्पर्धा झाली, तेव्हा रॉइस ग्रेसी या सडपातळ ब्राझिली माणसाने हीच विद्या वापरून एकाच रात्री तीन लढती जिंकल्या होत्या. त्यांतला पहिला प्रतिस्पर्धी, आर्ट जिमरसन हा मुष्टियोद्धा, एकाच हातात मोजा घालून उतरला होता आणि खाली पडल्यावर काय करायचे हे न सुचून हरला. तो एक मोजा मला या सगळ्या विषयाचे चित्र वाटतो.

मात्र मंगळवारच्या शिकवणीतही एक मोठे भगदाड आहे. तिथे कोणी कोणाला मारत नाही. मारणारे कोणी नसले की माणूस खालून गुंतागुंतीच्या पकडी रचत बसतो, डोके निर्धास्त वर काढतो, आणि दोन्ही हात समोरच्याच्या एका पायाला देऊन टाकतो. वरच्या माणसाला ठोसे मारायची मुभा मिळाली की यातले निम्मे डाव खेळण्याजोगे राहत नाहीत. शिवाय पंचांच्या गुणांकनात आधी परिणामकारक मार व परिणामकारक पकड पाहतात. नुसते खाली पडून प्रतिस्पर्ध्याला पायांत धरून ठेवणाऱ्याच्या पदरात फारसे काही पडत नाही. हे मंगळवारी सांगितले जात नाही.

आणि म्हणून शनिवार. त्या दिवशी दोन्ही प्रशिक्षक चटईवर असतात, सगळ्यांच्या हातांत ७ औंसांचे, बोटे मोकळी ठेवणारे सरावाचे मोजे असतात, नडग्यांना गाद्या असतात, तोंडात दातरक्षक असतो, आणि कोणालाही पूर्ण जोराने मारायची परवानगी नसते. पहिल्या शनिवारी मला वाटले, पट काढणे तर आपल्या घरचे. समोर मंगळवारचे प्रशिक्षक होते. मी खडाखडी करायला, म्हणजे मानेवर हात टाकून जोर अजमावायला, हात पुढे केले, तर धरायला मान मिळेना, कारण त्यांची मूठ मध्ये. मग थेट दुहेरी पटासाठी वाकून घुसलो. कपाळाला गुडघ्याचा अलगद स्पर्श झाला. त्यांनी गुडघा नुसता उचलून तिथे ठेवला होता. मी आपल्याच वेगाने त्यावर जाऊन टेकलो होतो. दुसऱ्यांदा गुडघा चुकवला, पाय हाती आले, पण डोके बाहेरच्या बाजूला राहिले होते, आणि मी त्यांना उचलत असतानाच त्यांनी माझी मुंडी बगलेत घेऊन आवळली. पोरे याला ‘गिलोटिन’ म्हणतात. आपल्या महाराष्ट्रातला कुस्तीगीर भरत कंदारे हा २०१७ साली यूएफसीत उतरणारा पहिला भारतीय. शांघायमधल्या त्या पहिल्याच लढतीत, पहिल्याच फेरीत, साँग यादाँगने त्याला याच पकडीने हरवले. हे मी पूर्वी वाचले होते. मान अडकल्यावर ते समजले.

त्यानंतरचे बहुतेक शनिवार एका साध्या गोष्टीवर गेले. पट सरळ काढायचा नाही, ठोशाच्या आडून काढायचा. डावा सरळ ठोसा समोरच्याच्या डोळ्यांपुढे न्यायचा. तो लागलाच पाहिजे असे नाही, त्याने नुसते हात वर घेतले पाहिजेत. हात वर गेले की कोपरे बरगड्यांपासून सुटतात आणि कंबर उघडी पडते. त्याच क्षणी कंबरेत न वाकता गुडघ्यांत वाकून खाली जायचे, नजर वर ठेवायची, आणि डोके त्याच्या छातीला आतून लावायचे. आणि याच्या उलटही शिकवतात, जे मला अधिक आवडले. दोनदा पट काढण्याची हूल द्यायची, तिसऱ्यांदा तसेच खाली वाकायचे; समोरच्याचे हात पट अडवायला आपोआप खाली येतात, आणि तेव्हा उजवा हात वरून गोल फिरवून त्याच्या कानशिलावर आणायचा. कुस्तीची भीती ठोशाच्या कामी येते आणि ठोशाची भीती कुस्तीच्या. सांधा म्हणतो तो हा. तालमीत ज्याने हूल देऊन ढाकेचा डाव मारला आहे त्याला यातली लय फार लवकर सापडते. भाच्याला तीन महिने लागले ते मला पाच शनिवारांत जमले. मात्र दमसासाच्या बाबतीत तो तिसऱ्या फेरीतही शिट्टी वाजवत असतो आणि मी भिंतीला टेकून असतो.

भिंतीचा विषय निघाला आहे तर मुख्य तक्रार इथेच नोंदवतो. स्पर्धा जाळीच्या पिंजऱ्यात होते. पिंजऱ्यात पाठ जाळीला लागली की लढतीचे शास्त्र बदलते. पडलेला माणूस जाळीला पाठ घासत, एक हात जमिनीवर टेकवत, कंबर बाजूला काढत उभा राहू शकतो, आणि वरचा माणूस त्याचे दोन्ही पाय एकत्र बांधून त्याला पुन्हा खाली बसवतो. या ओढाताणीत अख्खी फेरी जाते. मातीच्या आखाड्यात हा प्रकारच नाही, जिऊ-जित्सूच्या चटईवरही नाही, आणि मुष्टियुद्धाच्या रिंगणातले दोर हे वेगळेच प्रकरण आहे. म्हणजे हा भाग कुठल्याच जुन्या विद्येतून आयता मिळत नाही, तो मिश्र लढतीच्या वर्गानेच शिकवायचा असतो. इथे पिंजरा नाही, ते एक वेळ समजू शकते, त्याला जागा आणि खर्च लागतो. पण एका बाजूच्या भिंतीला गादी ठोकलेली असूनही सहा महिन्यांत भिंतीवरचा सराव मोजून पाच शनिवारी झाला.

त्याची किंमत भाच्याने मोजली. पाचव्या महिन्यात तो दुसऱ्या शहरात एका हौशी स्पर्धेत उतरला. हौशी लढत तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची, नडग्यांना गाद्या, कोपराचा मार वर्ज्य. पहिल्या फेरीत त्याने शनिवारचा धडा हुबेहूब गिरवला. डाव्या ठोशाने समोरच्याचे हात वर नेले, गुडघ्यांत वाकून पट काढला, आणि बगलेत मुंडी सापडल्यावर न घाबरता डोक्याच्या विरुद्ध बाजूला पाय टाकून, खांद्याने गळा दाबून सुटलाही. चार वर्षे मुष्टियुद्ध खेळलेला पोरगा पाच महिन्यांत हे करतो, हे श्रेय निःसंशय वर्गाचे. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत मात्र त्या मुलाने त्याला जाळीला नेऊन खाली बसवले, आणि भाचा प्रत्येक वेळी दोन्ही हात जमिनीवर टेकून, चेहरा उघडा टाकून उठायला बघायचा. उठला की पुन्हा बसवला जायचा. मार विशेष लागला नाही, पण फेऱ्या गेल्या, आणि गुणांवर तो हरला. गाडीत बसल्यावर त्याचे पहिले वाक्य होते, “मामा, आपण भिंत केलीच नाही ना.”

या स्पर्धेच्या तयारीत घडलेली दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. भाच्याचे वजन ६९ किलो. त्याने ६५.८ किलोंच्या गटात खेळावे, दोन दिवस पाणी तोडून आणि प्लॅस्टिकचा सूट घालून घाम काढावा, असे वर्गातल्या एका जुन्या मुलाने सुचवले, आणि तिथे उभ्या असलेल्या प्रशिक्षकाने ते खोडून काढले नाही. डिसेंबर २०१५ मध्ये मनिला येथे यांग जियानबिंग हा चिनी लढवय्या असेच वजन उतरवताना कोसळला आणि मरण पावला. तोही २१ वर्षांचाच होता. त्या घटनेनंतर त्याच्या स्पर्धेचे आयोजन करणाऱ्या वन चॅम्पियनशिपने पाणी तोडून वजन उतरवण्याला बंदी घातली व लघवीतून शरीरातील पाण्याची तपासणी सुरू केली. मी भाच्याला ७०.३ किलोंच्या गटात उतरवले. त्याला आपल्यापेक्षा उंच मुलगा मिळाला, आणि त्याने त्याबद्दल आठवडाभर तोंड फुगवले, चालेल.

डोक्याच्या माराबद्दल वर्गाची शिस्त शनिवारी चांगली आणि गुरुवारी ढिली आहे. गुरुवारी सरावाच्या शेवटी मोठी मुले आपसांत जोरात खेळतात, आणि डोक्यावर गादीचे शिरस्त्राण असले म्हणजे काळजी नाही असा तिथे सर्रास समज आहे. शिरस्त्राणाने कातडी फाटणे आणि सूज टळते. कवटीच्या आत मेंदूला बसणारा हिसका त्याने थांबत नाही, आणि हौशी मुष्टियुद्धाच्या तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने (एआयबीए) २०१३ साली वरिष्ठ पुरुषांच्या हौशी लढतींतून ते काढूनच टाकले. एकदा ठोसा बसल्यावर एका मुलाला काही क्षण गरगरले, आणि पाच मिनिटांनी तो पुन्हा खेळायला उभा राहिला. मी मध्ये पडलो तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे, कीर्तनात कोणी मोबाइल वाजवावा तसे पाहिले. नंतर प्रशिक्षकाशी एकांतात बोललो, आणि तेव्हापासून गरगरलेल्या मुलाला त्या दिवशी बसवतात. हे त्यांनी ऐकले याची नोंद केली पाहिजे.

नियमांच्या बाबतीत वर्ग थोडा मागे आहे. भिंतीवरचा तक्ता नीट छापलेला आहे, पण त्यावर वरून सरळ खाली आणलेला कोपराचा मार अजून निषिद्ध म्हणून दाखवला आहे. २००१ च्या सुमारास न्यू जर्सीत एकत्रित नियम ठरले तेव्हापासूनचा हा निषेध नोव्हेंबर २०२४ पासून उठला आहे. हौशी मुलांना कोपर वर्ज्यच असल्याने यामुळे कोणाचे नुकसान होत नाही, पण पैसे घेऊन शिकवणाऱ्याच्या भिंतीवर जुना नियम असू नये.

चटईबद्दल लिहिताना मी तालमीकडे झुकतो हे कबूल करतो. मातीत तेल, ताक, हळद, कापूर पडलेले असे, आणि ती रोज खणली जाई. रबराच्या चटईला ते लाड नसतात, ती फक्त पुसावी लागते, आणि रोज पुसावी लागते. पावसाळ्यात या तळघरात ओल धरते. एकमेकांत अडकवलेल्या तुकड्यांच्या फटींतून काळपट पाणी वर येते, आणि ऑगस्टात चार मुलांना एकदम गजकर्ण झाले. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा मगरी लोकांच्या अंगणात आल्या होत्या, हे ठाऊक असलेल्या गावात चटईचा वर्ग तळघरात थाटू नये, असे माझे मत आहे. सध्या जंतुनाशकाने पुसणे सुरू झाले आहे आणि नखे तपासून आत सोडतात. घरून स्वतःचा टॉवेल आणि पूर्ण बाह्यांचा घट्ट सदरा न्यावा. घरी येताच आंघोळ करावी.

मुलींची वेगळी तुकडी नाही, पण सहा मुली नेमाने येतात आणि शनिवारी त्यांच्या जोड्या वजनाप्रमाणे नीट लावल्या जातात. पूजा तोमरने जून २०२४ मध्ये यूएफसीत लढत जिंकल्यापासून दोन मुली आल्या, असे प्रशिक्षक सांगत होते. ती मुळात वुशूची, म्हणजे लाथा-ठोशांकडून आलेली, आणि तिथल्या मुलीही बहुतेक कराटेतून आलेल्या आहेत. आपल्या वस्तीतल्या कुस्ती खेळणाऱ्या मुलींनी तिकडे वळून पाहायला हरकत नाही.

सामानाचे सांगायचे तर, नव्या माणसाने पहिल्या महिन्यात फक्त दातरक्षक आणि हाताच्या पट्ट्या घ्याव्यात. दातरक्षक गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवण्याचा प्रकार पुरतो. तो आरशापुढे बसवावा, घाईत बसवला की एका बाजूने सुटतो आणि मग बोलताही येत नाही आणि श्वासही घेता येत नाही. मोजे वर्गातले वापरता येतात, पण त्यांच्या आतला वास पाहता दुसऱ्या महिन्यात कोणीही स्वतःचे घेतोच.

मुदत संपल्यावर भाच्याने पुन्हा तीन महिन्यांचे पैसे भरले आहेत. मी फक्त शनिवारचे मागितले, आणि थोडी घासाघीस होऊन ते ₹९०० महिना यावर ठरले. भरताना दोघांनी मिळून एकच अट घातली, की बुधवारचा नुसता व्यायाम अर्ध्या तासावर आणून उरलेला वेळ भिंतीला द्यावा. मंगळवारच्या प्रशिक्षकांना ते पटले, सोमवारच्या प्रशिक्षकाने थोडी कुरकुर केली. गेल्या दोन बुधवारी भिंतीवर सराव झाला, गादीचा एक खिळा निघून भाच्याच्या सदऱ्याला भोक पडले, आणि तो खिळा दुसऱ्या दिवशी ठोकलेला होता.